न मोजलेलं बीपी

मीठ-साखरेचं पाणी पोरीच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून परत बाहेर येत होतं. शेजारीण तिच्या उशाशी बसून चमच्याने पाजत होती आणि म्हणत होती, "गिळ बाई, गिळ. आत्ता येईल बीपी वर." पोरगी गिळत नव्हती. तिचा उजवा गाल खाली ओघळला होता. उजवा हात अंगाखाली दबला होता, पण तो काढावा हे तिला समजत नव्हतं. मी ओढून काढला. भिजलेल्या गोणपाटासारखा जड लागला.

कामावरची पहिली पाळी संपवून नुकतीच आली होती ती. दारात चपला काढल्या, म्हणाली, "आई, डोकं फुटतंय गं," आणि मी माठातून पाणी काढून वळते तोवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी.

गल्लीतल्या बायका जमल्या. एकीने बुक्कीने कांदा फोडून नाकाला लावला. दुसरी म्हणाली, फिट असेल, चप्पल हुंगवा. मी शेजारणीच्या हातातून वाटी काढून घेतली.

"बस कर. नरड्यात जाईल तिच्या."

"अक्का, लो झालंय तिचं. द्यायलाच पाहिजे."

"रिक्षा आण आधी."

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय शेजारणीच्या. त्र्यंबक रोडला नेहमीसारखी गर्दी. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पुढचे हलत नव्हते. पोरीच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. शेजारीण मोठ्याने देवाचं नाव घेत होती. मी तिला म्हटलं, मनात घे.

ती माझी एकुलती एक लेक. पस्तिशीला आलेली. नवऱ्याला सोडून माझ्याकडे राहायला आली होती आणि सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये वायरी जोडायचं काम करत होती. आमच्या घरात आम्ही दोघीच.

बीपी आमच्या घराला नवीन नव्हतं. पण ते माझ्या नवऱ्याचं होतं. तो कारखान्यात कामाला होता आणि कंपनीत दरवर्षी डॉक्टर येऊन सगळ्या कामगारांना तपासायचा. तिथेच त्याचं निघालं. त्या दिवसापासून त्याची भाजी मीठ घालायच्या आधी वेगळी काढायची, पापड-लोणचं बंद, आणि सकाळी चहाच्या कपासोबत गोळी त्याच्या हातावर ठेवायची. पाकीट कुठल्या डब्यात असतं हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मी चार दिवस माहेरी गेले की गोळीपण माहेरी. परत आल्यावर विचारलं की म्हणायचा, "तू नव्हतीस ना."

कामगारांच्या बायकांना तपासायला कोणी डॉक्टर येत नव्हता. माझं काही मोजलं गेलं नाही, आणि मोजावं असं मला वाटलंही नाही. बीपी कमावणाऱ्याला होतं, अशी आमची समजूत. एवढं करूनही तो पन्नाशीच्या आत गेला. मोरीत दाढी करायला बसला, तो उठला नाही. उरलेल्या गोळ्या मी घंटागाडीत टाकल्या. त्याच्याबरोबर बीपी घरातून गेलं असं धरलं. मग कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून पोरीला वाढवली. माझं शिक्षण चौथी. दुसरं काही येत नव्हतं.

पोरीचं लग्न विंचूरला केलं. जावई एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर होता. खळं म्हणजे जिथे कांदा निवडून गोण्या भरतात ती जागा. तिथल्या मजुरांवर त्याचं लक्ष. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे तोंड उघडायचा नाही. पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठवा लागल्यावर तिला आणायचं ठरलं होतं. मी मऊ लुगडी धुऊन दुपटी शिवून ठेवली होती. आणायच्या आधीच तिकडून फोन आला की बाळ पोटातच गेलं. नाळ अडकली, असं मला सांगितलं. मी गेले तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. काही बोलली नाही, मीही खोदून विचारलं नाही.

पुन्हा दिवस गेले नाहीत. मारलं वगैरे कोणी नाही तिला. सासूने बोलून बोलून झिजवली. वांझोटी म्हणायची नाही, हुशार बाई ती. म्हणायची, "आमचं नशीब." सकाळ-संध्याकाळ आमचं नशीब. काही वर्षं ऐकून घेतलं आणि एक दिवस पोरगी पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, चप्पल काढून आत ये.

इथे आल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं. मान जड व्हायची, कधी चक्कर यायची. गल्लीत एकीलाही औषध विचारावं लागत नाही, सगळ्या आपणहून सांगतात. सगळ्यांचं एकच मत पडलं की बीपी लो आहे. का, तर ती तरुण आहे, अंगाने बारीक आहे, जेवत नाही आणि नवऱ्याचा विचार करते. तिच्या वयाच्या पोरींना लोच असतं. हाय म्हणजे म्हाताऱ्यांना, नाहीतर जिला नवऱ्याचा जाच आहे तिला. वर्कशॉपमध्येही हेच. चक्कर आली की बरोबरच्या बाया लिंबू पिळून, मीठ-साखर घालून पाणी द्यायच्या. प्यायली की पोरीला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ बसायला मिळायचं. मग ती घरूनच बाटली भरून न्यायला लागली. आमच्या घरात मिठाची पिशवी लवकर संपू लागली, एवढा फरक पडला.

यावर शेजारणीचं म्हणणं असं, "हिचा खरा इलाज विंचूरला हाय. नवऱ्याजवळ गेली की आपोआप चढंल."

"तुझं का चढलेलं असतं मग?"

"माझा रिटायर होऊन दिवसभर घरात बसलाय ना, अक्का. चढणार नाय तर काय."

तिचं खरोखरच चढलेलं होतं, आणि ते कळलं संक्रांतीच्या हळदीकुंकवात. आमच्याकडच्या महिला मंडळाने त्या वर्षी वाणाबरोबर बीपी मोजायचं ठरवलं. एक नर्स मशीन घेऊन समाजमंदिरात बसली. बाई कुंकू लावून घ्यायची, तिळगूळ घ्यायची, स्टीलची वाटी घ्यायची आणि खुर्चीवर बसून दंड पुढे करायची. कल्पना चांगली होती. पण हळदीकुंकवाला सुवासिनी जातात. मी विधवा, मला बोलावणं नसतं आणि मला त्याचं काही वाटेनासं होऊन जमाना झाला. प्रश्न पोरीचा होता. तिचा नवरा जिवंत, पण मंगळसूत्र पत्र्याच्या पेटीत.

शेजारणीने परत येऊन सगळं सांगितलं, लपवलं नाही. "तुझ्या लेकीवर लय बोलणं झालं, अक्का. बोलवावं का नाय. नवरा हाय बी आणि नाय बी. कुंकू लावलं तर तिला वाईट वाटंल, नाय लावलं तर अजून वाईट वाटंल. म्हणून म्हटलं, राहू द्या बिचारीला."

आतून पोरगी म्हणाली, "मावशी, वाटी तरी आणायची माझ्या वाटची."

"माझी घे गं बाई. पण ऐक तर, ती नर्स माझं बीपी बघून म्हणाली, मावशी, काय खाता तुम्ही? म्हटलं, मी कुठं काय खाते, नवराच माझं डोकं खातो."

आम्ही तिघी हसलो. पोरगी जास्त हसली. हसताना तिने मानेवर हात दाबून धरला होता.

शेजारणीला गोळी सुरू झाली. त्या हळदीकुंकवात अजून काही बायकांचं वाढलेलं निघालं, सगळ्या दवाखान्यात गेल्या. कुणाचं वाईट करायचं म्हणून पोरीला वगळलं नव्हतं. तिला वाईट वाटू नये म्हणूनच वगळलं होतं.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पोरीला स्ट्रेचरवर घेऊन आत नेलं. डॉक्टर बाई होती, माझ्या पोरीपेक्षाही लहान असेल. तिने दंडाला पट्टा गुंडाळून मोजलं. मग दुसऱ्या दंडाला गुंडाळून पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघितलं.

"यांना बीपीची गोळी कोणती चालू आहे?"

"गोळी नाही. लो आहे तिचं."

"कोणी मोजलं?"

मी शेजारणीकडे बघितलं. शेजारीण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"मोजलं नाही कुणी," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नर्सला काहीतरी सांगून ती गेली आणि डोक्याचा फोटो काढून झाल्यावर परत आली. म्हणाली, बीपी फार वाढून मेंदूतली नस फुटली आहे, आत रक्त साचलंय. वाचेल का, हे आत्ता सांगता येत नाही. मग विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी म्हटलं, तिच्या बापाला. तिने मान हलवली. पोरगी बापासारखी दिसते, बापासारखी चालते, हे सगळे सांगायचे. बापाचं बीपीही तिच्याकडे येईल, हे कुणी म्हणालं नव्हतं.

"बाळंतपणात कधी वाढलं होतं का?"

"नाही. बाळाला नाळ अडकली होती."

"तेव्हा तुम्ही होतात तिथे?"

"ती सासरी होती."

"मग त्यांना विचारून सांगा. मला नक्की माहिती हवी."

म्हणजे जावयाला फोन करायचा. पोरगी आली त्यानंतर मी त्या घराशी एक शब्द बोलले नव्हते. शेजारीण म्हणाली, "मी लावते." मी म्हटलं, नको, माझी मीच लावते. त्याने उचलला. मी म्हटलं, ती दवाखान्यात आहे, डोक्यात रक्त साचलंय, डॉक्टरला काही विचारायचंय. त्याने एकदा तिचं नाव घेतलं. मग म्हणाला, "मामी, येतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो. मागून विहीण. तिने पदर डोक्यावर घेतला होता, जणू मयतीलाच आली होती. पोरगी काचेआड होती, नळ्या लावलेली, डोळे मिटलेले. विहिणीने काचेतून बघितलं आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली.

"आमच्याकडं होती तवर साधा तापबी नव्हता तिला."

मी काचेकडे बघत राहिले.

"नवऱ्यापासून लांब राहिलं की बाईच्या डोक्यात असंच भरतं."

"काय भरतं?"

"विचार."

"रक्त भरलंय, विहीणबाई. विचार कसा भरेल?"

"ते त्याच्यामुळंच की."

शेजारीण पलीकडे बसली होती. ती म्हणाली, "ताई, माझा नवरा चोवीस तास घरात असतो आणि माझं बी चढलंय. मग मी कुठं जाऊ, ते सांगा." विहिणीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुढचं मला ऐकवलं, "आमचं नशीब, दुसरं काय."

जावई उभा होता. हातातल्या पिशवीचे बंद पिळत होता. म्हणाला, "आई, गप बस."

विहिणीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिला ते ऐकायची सवय नसावी.

मग तो डॉक्टर बाईसमोर जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून बोलला. पोटुशी होती तेव्हा तिच्या पायांना, तोंडाला सूज आली होती. डोळ्यांपुढे अंधारी यायची. दवाखान्यात नेलं तर बीपी खूप वाढलं होतं, त्यातच बाळ गेलं. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हिचं पुढेही मोजत राहा.

"मग मोजलंत?"

"नाही. आई म्हणाली, बाळच गेलं, आता कसलं बीपी. त्याच्याबरोबर गेलं ते."

"आणि तुमच्या बायकोला सांगितलं होतं?"

"ती शुद्धीवर नव्हती तेव्हा. मला सांगितलं होतं."

माझ्या तोंडात विहिणीसाठी बरंच काही आलं होतं. ते बाहेर पडलं नाही. बाळाबरोबर गेलं, नवऱ्याबरोबर गेलं. दोन्ही घरांत एकच समजूत, फक्त मेलेलं माणूस वेगळं. पोरगी सासरी असतानाच तिचं वाढलं होतं. सासर सोडून आली तेव्हा ते तिच्याबरोबर आलं. नवऱ्याजवळ असताना ते बाळंतपणाचं ठरलं, नवऱ्याशिवाय राहिली तेव्हा लो ठरलं. त्याला त्याच्या नावाने कुणी ओळखलं नाही.

डॉक्टरने लिहून घेतलं, औषध बदललं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." जावई बाकावर बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. मला त्याची कीव आली नाही आणि रागही आला नाही. माझ्यात तेवढा दम उरला नव्हता.

आम्ही तिथे बसून बसून कंटाळलो तसं एका नर्सने आमचंही मोजलं. विहीण म्हणाली, मला काय झालंय. मोजल्यावर इतकं चढलेलं निघालं की तिला तिथल्या तिथे आडवी व्हायला सांगितलं. शेजारणीचं गोळीने उतरलं होतं. माझं ठीक निघालं. नर्सने पुन्हा मोजलं, तरी ठीकच.

शेजारणीला ते सहन झालं नाही. "अक्का, तुझं कसं नाय गं? नवरा गेला, पोरगी अशी, आणि तुला बीपी नाय?"

"नाही तर नाही. आता काय देऊ तुला?"

"मशीन बिघडलं असंल."

डॉक्टर म्हणाली, मावशी, आज नाही म्हणून उद्या नसेल असं नाही. तुमचं वय झालंय, मोजत राहा. तेव्हापासून मी मोजते. गल्लीतल्या बायका मला विचारतात, नवरा असला की बीपी चढतं की नसला की चढतं. मला काय माहीत. असलेल्यांचं चढलेलं बघितलं, नसलेल्यांचं बघितलं. माझ्या नवऱ्याला बायको होती म्हणून गोळी मिळत होती, तरी तो गेला. मी विचारणारीला एवढंच सांगते की आधी दंडाला पट्टा बांधून घे, मग नवऱ्याचं बघू.

पोरगी बरेच दिवस काचेआड होती. मग बाहेरच्या वॉर्डात आणली. डोळे उघडले, माणूस ओळखायला लागली. बोलायची ते एकेक शब्द, मधे मोठी जागा सोडून. उजवा हात उशीवर ठेवला तर तिथेच राहायचा. मी तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. सत्तरीला आल्यावर ते काम कंबर मोडतं. बाहेर बाकावर बसले की बसल्या जागी डोळा लागायचा.

जावई अधूनमधून यायचा. विहिणीला आणत नव्हता. एकदा शहाळं घेऊन आला, पोरीला नळीने पाजलं आणि मला बाहेर बोलावलं.

"मामी, मी घरी नेतो तिला."

"कशाला?"

"डॉक्टर म्हणतात, गोळी जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही. मी देईन रोज. तुमचं वय झालंय. तुमच्यामागं कोण देईल तिला?"

हे तो खोटं बोलला नव्हता. मलाही रात्रंदिवस तेच पडलं होतं. मी अजून किती पुरणार. एका हाताची बाई, नोकरी गेलेली, एकटी. नवरा गोळी देतो म्हणतोय. तिथे सासू आहे, आमचं नशीब आहे, पण सकाळी कुणीतरी हातावर गोळी ठेवणारं असेल. माझ्या नवऱ्याला मी ठेवायचेच ना. मी त्याला नाही म्हटलं नाही. म्हटलं, तिला विचारू.

आम्ही दोघं तिच्या खाटेपाशी गेलो. मी तिला सांगितलं, "हे तुला न्यायचं म्हणतात. रोज गोळी देईन म्हणतात. तुला जायचं असेल तर जा. माझ्यासाठी थांबू नको, माझा भरवसा नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं आणि एकेक शब्द ओढून काढला.

"गोळी... मला... घेता येते."

जावई म्हणाला, "एका हाताने पाकीट कसं फोडशील?"

तिने पाकिटासाठी उशाकडे बघितलं. डावा हात माझ्यापुढे केला. मी उशाच्या पिशवीतून पाकीट काढून दिलं. तिने ते दातात धरलं, डाव्या अंगठ्याने दाबलं. पहिली गोळी सुटून खाटेखाली गेली. दुसरी तोंडात गेली. पाणी तेवढं मी दिलं.

जावयाने खाटेखालची गोळी उचलून कठड्यावर ठेवली. मग म्हणाला, "येतो, मामी." मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तो पुन्हा आला नाही. विंचूरला त्याने दुसरं घर मांडलं असं ऐकलं. मी पोरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं. 

पुष्कळ दिवसांनी आम्ही घरी आलो. उजवा हात खांद्यापर्यंत उठतो, बोटं नीट मिटत नाहीत. पाय ओढते, पण चालते. बोलणं सुधारलं, अजून थोडं अडखळतं. वर्कशॉपमध्ये घेतलं नाही परत, आता घरी बसून एका हाताने होईल तेवढं निवडण्या-टिपण्याचं काम करते. स्वयंपाकाला अजून मीच आहे, बिनमिठाची भाजी दोघींची एकच. सकाळी तिची गोळी ती घेते.

पोरगी वाचली. तिच्याबरोबर मीही.